दौलत ड्रायव्हरची आठ फडकी

मंडळी, ऐका! गजर झाला, टाळ झाले, मृदंग झाला. आता टाळ मांडीवर ठेवा. — गणपतबुवा, तुम्हीपण! बोटं फिरवू नका त्या मृदंगावर, माझं लक्ष तिकडं जातं. — आता मी एक विचारते. उत्तर मनात द्या. मोठ्यानं देऊ नका, शेजारी बायको बसलीय!

एखादा माणूस असतो. जीभ खरबरीत, हात खरबरीत. कुणी बोललं की म्हणतो, "माझा स्वभावच तसा! मला नाही ते हळू वागणं जमत." बरं. आपण सोडून देतो. बायको सोडून देते, आई सोडून देते. नाही जमत बिचाऱ्याला! पण मी विचारते, जमत नाही— का इथं करायचं नाही? ह्या दोहोंत फरक आहे का नाही? आहे ना? मग ज्याला जमत नाही त्याला देव माफ करील. ज्याला जमतं आणि करायचं नाही— त्याचं काय?

मला पोथ्यांतलं विचारू नका. मी दुसरी पास. पण पन्नास वर्षं घर हाकलंय, तीन सुना नांदवल्यात, आणि समोर बसलेल्या माणसाचं तोंड वाचायला शाळा लागत नाही.

येताना मी बघितलं. बाहेर चिंचेखाली सहा गाड्या उभ्या आहेत. सावली धरून! दोघींना तर खोळ घातलीय, टाचेपर्यंत. छान. आणि म्हाताऱ्या कुठं बसल्यात? मांडवाच्या त्या टोकाला, जिथं कापड तोकडं पडलंय. राहू दे. मी काही बोलत नाही. मी गोष्ट सांगते.

गोष्ट गाडीचीच आहे!

दौलत धुमाळ म्हणून एक ड्रायव्हर होता. आमच्या माहेरच्या पेठेत राहायचा. गोसावी डॉक्टरांच्या गाडीवर होता, बावीस वर्षं. गाडी काळी. काळी म्हणजे कशी? वाकून बघितलं तर तोंडातला दात दिसावा अशी! आणि ज्याच्याकडं काळी गाडी असेल त्यानं हात वर करा— हां, तुम्हाला ठाऊक! पांढऱ्या गाडीवर चार चरे उठले तरी खपतात. काळीवर केसाएवढा चरा उठला, की ऊन पडल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा चमकतो.

पण दौलतच्या गाडीवर बावीस वर्षांत चरा नाही! एक नाही! लोक त्याच्या अंगणात बघायला यायचे हो, विहिरीपाशी तो गाडी कशी धुतो ते. तुम्हीही ऐका. निदान एवढं तरी घरी घेऊन जा.

गाडी गावाहून आली की लगेच पाणी नाही. पत्रा तापलेला असतो. सावलीत उभी करायची, निवू द्यायची. टपावर हात ठेवून बघायचा, लेकराचा ताप बघतात तसा. मग बोटातली अंगठी काढायची. कमरेचा पट्टा काढायचा, त्याचं बक्कल घासतं म्हणून. दोन बादल्या. एक साबणाची, एक साध्या पाण्याची. आणि आधी— आधी नुसतं पाणी! वरनं, टपावरनं, हळू. हात लावायचा नाही. धूळ म्हणजे काय? बारीक वाळूच ती! तिच्यावर फडकं फिरवलं म्हणजे तुम्ही गाडी धुतली नाही, वाळूनं खरवडली. म्हणून आधी माती वाहू द्यायची. मग ओलं फडकं, भार न देता, सरळ रेघेत. गोल गोल नाही. दर हाताला फडकं साध्या पाण्यात खळबळायचं. चाकांचं फडकं वेगळं. आणि अंगाचं फडकं चुकून खाली पडलं, तर ते आजपासून चाकाचं! परत अंगाला नाही. शेवटी पुसायचं कसं? घासून नाही. कापड पसरायचं आणि अलगद ओढून घ्यायचं.

आणि चिमणीची घाण वाळली असली तर? तुम्ही काय करता? नखानं खरवडता! — हसू नका, तुम्हीच. — दौलत ओलं फडकं त्या जागेवर ठेवायचा आणि शेजारी उकिडवा बसायचा. पाव तास. मऊ पडेपर्यंत. बसल्या बसल्या गाडीशी बोलायचा बरं का! "थांब गं बाई. निघंल. दुखणार नाही तुला."

शेजारचे बाबूराव टेलर एकदा गंमत म्हणून धुळीच्या बॉनेटवर बोटानं नाव काढायला गेले. दौलतनं मनगट धरलं त्यांचं! "बाबूराव, तुमच्या बोटाचं नाव पुसलं जाईल. चरा राहील."

बाबूराव म्हणाले, "अरे, गाडीच आहे!"

"गाडीच आहे म्हणून सांगतोय. ती बोलत नाही. दुखलं तरी सांगायची नाही."

वा! काय वाक्य आहे! मला कुणी लिहून दिलं तर मी देव्हाऱ्यात लावीन.

आता— तीच विहीर, तेच अंगण, तोच दौलत. आतून बायको बाहेर येते. हौसा तिचं नाव. बघा, आईबापानं हौसेनं ठेवलेलं नाव! तिनं विचारलं, "अहो, चहा ठेवू का?"

"बहिरी आहेस का गं? मघाशी नको म्हटलं ना? जा आत!"

त्याच तोंडानं, मंडळी! आत्ता ज्या तोंडानं 'दुखणार नाही तुला' म्हणाला, त्याच.

हौसा रागीट होती का? नाही. तिनं वर्षानुवर्षं मनाशी एकच समजूत घातली होती. माणूस खरबरीत आहे. जमत नाही त्याला. आमच्या बायकांना ही समजूत फार येते! मारत नाही, पीत नाही, पगार घरात आणून देतो— मग बोलतो तोडून, तर बोलू दे. तिनं सोडून दिलं.

पुढं डॉक्टर थकले. दवाखाना बंद केला, लेकाकडं परदेशी निघाले. जाताना गाडीची किल्ली दौलतच्या हातात ठेवली. म्हणाले, "दौलत, हिला तूच सांभाळलंस. ठेव तुलाच." आणि काळी गाडी दौलतच्या दारात कायमची आली. दारात एक कडुनिंब होता, जुना, दाट. त्याच्या सावलीत काय होतं? हौसाचा धुण्याचा दगड! सासू वापरायची तोच. दौलतनं चार माणसं बोलावली, पहार लावली, दगड उचलला आणि अंगणाच्या पलीकडं टाकला. उन्हात. निंबाखाली गाडी आली.

हौसा म्हणाली, "अहो, चैत्रात पाठ भाजंल माझी तिथं."

"मग पहाटे धू!"

आणि ती पहाटे धुवायला लागली! तुम्ही म्हणाल, बाईच गरीब. नाही हो. वाट बघत होती ती. कसली, ते तिलाच ठाऊक नव्हतं.

मग आली खंडेनवमी. दसऱ्याचा आदला दिवस. शस्त्रांची पूजा, अवजारांची पूजा, आणि ड्रायव्हरच्या घरी गाडीची. हार, झेंडू, चाकाखाली लिंबू, सगळं तयार. दौलत गाडी पुसायला निघाला आणि त्याच्या लक्षात आलं, फडकी खराब झालीत. बाजारातनं नवं कापड आणावं, तर त्याला खळ असते. नवं कापड कडक. जुनं पाहिजे, धुऊन धुऊन मऊ झालेलं, तरच चरा उठत नाही. हौसा देवीला गेली होती. लेक रंजना सासरी. घरात कुणी नाही. दौलतनं पेटी उघडली.

पेटीत तळाशी एक लुगडं होतं. हौसाच्या आईचं. आई गेली तेव्हा भावांनी शेत घेतलं, वहिन्यांनी सोन्याचे डाग घेतले, आणि हौसानं दोरीवर वाळत घातलेलं लुगडं उचललं. निळं, सुती, तीस वर्षं अंगावर वागवलेलं. मऊ कसं? सायीसारखं. निंबाचा पाला घालून ठेवायची. नेसायची नाही. वर्षातनं एकदा काढायची, तोंडाला लावायची, परत घडी.

दौलतनं त्याचे आठ तुकडे केले.

सारखे बरं का! नीट मापून, कडेला दुमड घालून. निष्काळजीपणा नाही केला त्यानं. आठ फडकी!

हौसा देवीहून आली. हातात ताट. बघते तर बॉनेटवर आईचं लुगडं पसरलंय, आणि नवरा ते अलगद ओढून घेतोय.

"हे काय?"

"फडकं."

"आईचं लुगडं होतं ते."

मंडळी, आता दौलत काय म्हणाला ऐका. ओरडला नाही! हसून म्हणाला. आनंदात म्हणाला. "जुनंच होतं की! पण काय मऊ गं! हात फिरवून बघ. एक चरा नाही उठला!"

हौसानं ताट खाली ठेवलं. "म्हणजे कळतं तर."

"काय कळतं?"

"मऊ काय असतं, ते."

बास. एवढंच. रडली नाही, भांडली नाही. पूजेला उभी राहिली, गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला, पुरणाचं जेवण वाढलं. पण बायांनो, तिची समजूत त्या दिवशी मोडली! 'जमत नाही' ही जी समजूत होती ना, तिच्या आधारानं तिनं संसार केला होता. आणि तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, की जमतं! सगळं जमतं! धीर धरणं जमतं, हळू हात लावणं जमतं, उकिडवं बसून वाट बघणं जमतं. फक्त ते तिच्यासाठी नव्हतं.

त्या दिवसापासून हौसानं नवऱ्याला 'अहो' म्हणणं सोडलं.

पोरींनो, तुम्ही आताच्या. नाव घेऊन हाक मारता. मारा, माझी काही ना नाही. पण त्या काळच्या बाईकडं नवऱ्याला द्यायला एकच नाव होतं. अहो! त्यात राग घालता यायचा, लाड घालता यायचा, सगळा संसार त्या एका हाकेवर चालायचा. तिनं ती हाक काढून घेतली. बाकी सगळं बोलायची! पण कुणाशी? भिंतीशी. "जेवायचं असेल त्यांनी हात धुवावेत." मांजराशी. "मने, सांग त्यांना, तब्येत बरी नसेल तर आज बाहेर जाऊ नये." कामात खोट नाही, भाकरी करपली नाही, औषध चुकलं नाही. फक्त हाक नाही.

आणि नवऱ्याला हे कळायला किती दिवस लागले असतील? सांगा! आठ दिवस? महिना? — आठ महिने, मंडळी! आठ महिने! गाडीवर कावळा बसून गेला तर वासानं ओळखणारा माणूस!

कळलं ते कसं, तर बाजारात. तो पुढं चालत होता, चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती मागं राहिली. तिनं हाक मारली नाही. बाबूराव टेलर दुकानात होते, त्यांना म्हणाली, "भावोजी, ते पुढं चाललेत त्यांना थांबवा जरा." दौलत वळला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. घरी येऊन म्हणाला, "तू मला हाक का मारत नाहीस?"

"हाक हवी असेल त्यांनी फडक्यांकडं मागावी," ती म्हणाली. मांजराला.

लेक माहेरपणाला आली. "आई, बाबा खंगत चाललेत गं. बोल ना त्यांच्याशी."

"बोलते की. सगळं बोलते. एक तेवढं नाही."

"किती दिवस?"

"चरा किती दिवस राहतो, विचार की बापाला. तो जाणकार आहे."

अकरा वर्षं गेली अशी. तुम्ही म्हणाल, बाई दगडच. म्हणा! मी नाही म्हणणार. तिच्या जागी मी असते तर मी बारा वर्षं केली असती!

मग एका सकाळी दौलत अंगठी काढायला गेला, गाडी धुवायची म्हणून, आणि डाव्या हाताला उजवा हात सापडेना. तिथंच बादल्यांच्या मधी पडला. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जीव राहील, हात राहणार नाही.

आता माणूस खाटेवर आणि गाडी निंबाखाली. चार दिवसांत टपावर धूळ, निंबोळ्या, पाखरांची घाण. खिडकीतनं बघायचा आणि डोळ्यांतनं पाणी. शेवटी हौसानं बाबूरावांना बोलावून त्याला खुर्चीत बसवलं, अंगणात आणलं आणि पदर खोचला. भिंतीकडं बघून म्हणाली, "कसं धुवायचं ते सांगावं. मी धुते."

आणि त्या जड जिभेनं, लाळ पुसत पुसत, त्यानं तिला शिकवलं. "आधी... नुसतं पाणी. माती... वाहू दे. हात... लावू नको." तिनं तसं केलं. "सरळ. गोल... नाही." तसं केलं. दोन तास लागले. पुसून झाल्यावर तो गाडीकडं बघत राहिला. चरा नाही! पहिल्या खेपेला! त्याला तोंडावरचं हसू आवरेना— म्हणजे अर्ध्या तोंडावरचं.

तिनं विचारलं, "आणि चरा पडलाच तर? कशानं जातो?"

"जात... नाही," तो म्हणाला. "पॉलिश करून... दिसंनासा करतात. असतो... तिथंच."

"हां," हौसा म्हणाली. "तेच विचारायचं होतं."

आता नीट ऐका. गोष्ट इथं येऊन वळते. ह्या माणसाला अंघोळ कोण घालणार? बायको घालील म्हणाल. नाही. हौसा जेवण भरवायची, बाकी सगळं करायची, पण अंघोळीला बाबूराव यायचे. भला माणूस, पण शिंप्याचा हात, कापड फाडायची सवय! त्यांनी वजरी घेतली, पाय घासायचा दगड असतो तो, आणि स्वच्छ करायचं म्हणून पाठ घासली! लुळ्या अंगाला कळत नाही. कातडं पातळ झालेलं. दौलत काही बोलला नाही. हौसा पाणी द्यायला आली आणि तिनं पाठ बघितली. लाल चरा. इथनं तिथवर.

"भावोजी, बाजूला व्हा."

"अहो वहिनी, मी करतोय की—"

"बाजूला व्हा म्हटलं!"

मग तिनं काय केलं? हातात काचेच्या बांगड्या. सवाष्ण बाई, काढायच्या नाहीत. तिनं बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि चिंधीनं घट्ट बांधल्या. टोचू नयेत म्हणून. दोन बादल्या घेतल्या. एक साबणाची, एक साध्या पाण्याची. ओसरीवर सावलीला पाट ठेवला. आणि सुरू केलं. मोठ्यानं म्हणत! एकेक!

"आधी नुसतं पाणी." ओतलं. खांद्यावरनं, हळू.

"हात लावायचा नाही. माती वाहू द्यायची."

"भार द्यायचा नाही. सरळ रेघेत."

हनुवटीवर पेज वाळली होती. तिनं ओलं फडकं तिथं ठेवलं आणि समोर उकिडवी बसली. पाव तास! "खरवडायचं नाही. मऊ पडंल."

बाबूराव दारात उभे होते. ते मला पुढं म्हणाले, "आक्का, शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

दौलत रडत होता. अर्धा चेहरा रडतो, अर्धा नाही, बघवत नाही ते. म्हणाला, "हौसा... चुकलो."

ती फडकं खळबळत होती.

"एकदा... हाक मार."

तिनं पिळलं. पसरलं. अलगद ओढून घेतलं. आणि म्हणाली— भिंतीला नाही, मांजराला नाही, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मी गाडी धुतेय."

विठ्ठल... विठ्ठल... म्हणा मंडळी. मलाही जरा श्वास घेऊ द्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं भेटायला आलेल्या रंजनाला डिकी उघडायला लावली. पत्र्याचा डबा होता. आत आठ फडकी. अकरा वर्षं वापरलेली, पण दर वेळी साबणानं धुऊन, सावलीत वाळवून, घडी करून ठेवलेली. माणसांपेक्षा बरी राहिली होती! डाव्या हातानं त्यानं डबा तिच्याकडं सरकवला. "तुझं... आहे. घे."

तिनं एक उचललं. तोंडाला लावलं. पेट्रोलचा वास येत होता. आई नव्हती त्यात.

"शिवून लुगडं होत नाही," म्हणाली, आणि डबा ओसरीवर ठेवला, अंघोळीच्या सामानात. रोज त्याच फडक्यांनी त्याचं अंग टिपायची. दीड वर्ष! एक जखम नाही झाली त्याला. अंथरुणावरच्या माणसाच्या पाठीला काय होतं, घरात कुणी पडलं असेल त्याला ठाऊक आहे. त्याच्या पाठीला काही नाही! डॉक्टरनं विचारलं, कुठली नर्स ठेवलीय?

आणि तो? तो रोज वाट बघायचा. पाणी पडायला लागलं की तिच्या ओठांकडं बघायचा. बाकी काही नको होतं त्याला. हात नको, पाय नको, गाडीपण नको, खिडकी लावून घ्यायला सांगितली होती त्यानं. दोन अक्षरं पाहिजे होती. ती म्हणायची, "आधी नुसतं पाणी."

माघात गेला.

माणसं जमली. शेवटची अंघोळ घालायची. सकाळचे दहा, ऊन वर आलेलं. माणसांनी अंगणात पाट मांडला आणि त्याला उचलून आणला. उन्हात! कारण निंबाखाली कोण? गाडी!

हौसा कोपऱ्यात बसली होती, बाया धरून होत्या तिला. ती उठली. "गाडी काढा तिथनं."

एक म्हातारे होते भावकीतले, तात्या म्हणायचे. "हौसा, ही काय वेळ आहे का गाडी काढायची?"

"गाडी काढा! ते उन्हात अंघोळ करायचे नाहीत."

किल्ली फिरवली. गाडी बोलेना, दीड वर्ष उभी. मग ढकलली. सहा जणांनी ती काळी गाडी ढकलत अंगणाच्या पलीकडं नेली, जिथं धुण्याचा दगड होता, तिथं. आणि दौलतला निंबाखाली आणला. लोक तांबे घेऊन धावले, उरकायला. तुम्हाला ठाऊक आहे, उरकतातच!

"थांबा! मी घालणार."

"बाया घालत नाहीत अंघोळ बापयाला," तात्या म्हणाले.

"दीड वर्ष कुणी घातली? तुम्ही आला होता?"

तात्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. हौसानं बांगड्या वर सारल्या, चिंधी मागितली.

मागनं एक बाई कुजबुजली, "अगं, आता कशाला बांधतेस? थोड्या वेळानं फोडायच्याच की त्या."

"फोडा मग," हौसा म्हणाली. "आत्ता टोचतील."

रंजनानं चिंधी बांधली. दोन बादल्या आल्या. आणि आठ फडकी. इथं रंजनानं हात धरला आईचा. "आई, हे नको. ह्या अंघोळीचं कापड परत घरात घेत नाहीत. टाकून द्यावं लागतं. आजीचं आहे गं!"

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "खळ असलेलं नको. हेच दे."

नुसतं पाणी. वरनं. हळू. सरळ रेघेत हात. पण आज ती नियम म्हणत नव्हती. टिपून झालं, शेवटचं फडकं कपाळावरनं ओढून घेतलं, आणि ती वाकली. कानाशी.

"अहो," म्हणाली.

रंजनानं ऐकलं. बाबूरावांनी ऐकलं.

"अहो— सावलीत घेतलंय."

ज्याच्यासाठी होतं, त्यानं ऐकलं का? मला विचारू नका. पोथीवाले सांगतील, आत्मा तेरा दिवस असतो. मी दुसरी पास. मी एवढंच सांगते, त्याचे डोळे मिटलेले होते, आणि दीड वर्ष ते उघडे होते.

फडकी नदीत गेली. गाडी अजून आहे, उन्हात, त्या दगडापाशी. रंग उडालाय. पोरं धुळीत बोटानं नावं काढतात. हौसा ओसरीवरनं बघते, अडवत नाही.

आता कोण चुकलं? पुरुष म्हणत असतील, बाईनं एक शब्द टाकायला पाहिजे होता. बाया म्हणत असतील, बरं केलं! मी सांगते. तो चुकला, कारण त्याला येत होतं. आणि बायांनो, डोळे पुसू नका— तिलाही येत होतं! त्या दीड वर्षात रोज ती हाक तिच्या ओठावर होती. मी मघाशी म्हटलं, मी बारा वर्षं केली असती. खरंच केली असती. म्हणूनच सांगते. माझ्याही घरात असा एक माणूस होता, तो हाकेविनाच गेला, आणि माझ्याकडं नदीत टाकायला फडकंसुद्धा राहिलं नव्हतं. पुढचं विचारू नका.

तेव्हा 'जमत नाही' हा शब्द आजपासून तोंडात आणायचा नाही. गाडीला हात लावता ना? मोबाइलच्या काचेला जपता ना? देवाला कोमट पाण्यानं न्हाऊ घालता, उटणं लावता, मऊ वस्त्रानं टिपता ना? मग तुम्हाला येतं! सगळ्यांना येतं! देवाघरी ही सबब चालायची नाही.

पटलं? पटलं म्हणताय. माना हलताहेत. डोळ्यांना रुमाल लागलेत. दौलत वाईट, हौसा बिचारी, आक्कांनी छान सांगितलं!

मग जरा तिकडं बघा. नाही, माझ्याकडं नाही, देवाकडं नाही. मागं वळा. मी तोंड उघडलं तेव्हा म्हाताऱ्यांच्या पायावर ऊन होतं. गोष्ट सरेपर्यंत ते मांडीवर आलं, छातीवर आलं, आता तोंडावर आलंय. पार्वतीकाकू पदर ओढून बसल्यात बघा. त्या बोलणार नाहीत. दुखलं तरी सांगायच्या नाहीत.

तासभर तुम्ही रडलात. एकजण उठला का?

आरतीचं तबक खाली ठेवा, गणपतबुवा. देवाला थांबायची सवय आहे. बाहेर चिंचेखाली सहा गाड्या आहेत, ज्यांच्या आहेत त्यांनी उठा— आणि सावली मोकळी करा.